व्हाइटबोर्ड काढून डिजिटल बोर्ड घ्यावा का?

कोरीपाटी: मंडळी, टीमच्या भिंतीवरचा व्हाइटबोर्ड काढून तिथे मोठा टच डिस्प्ले लावायचं घाटतंय. अर्धी टीम घरून काम करते, तिला बोर्ड दिसत नाही. कोणी वापरलाय का? घेताना काय बघावं?

डस्टर_कुठाय: आधी आहे त्या बोर्डाचा रोज निघताना एक फोटो काढा. पंधरवड्यानंतर फोटो शेजारी शेजारी लावून बघा, काय पुसलं जातं आणि काय तसंच राहतं. मधला भाग मीटिंगागणिक बदलतो. कडेची कामांची यादी आणि चौकटीत ‘पुसू नये’ लिहिलेली आकृती मात्र महिनोन्महिने असते. जाता-येता नजरेस पडते, हाच तिचा उपयोग. डिस्प्ले थोड्या वेळाने झोपला की ती गायब. फाइलमध्ये असते म्हणा, पण फाइल उघडतंय कोण!

कोरीपाटी: खरंय. आमच्या त्या आकृतीवर धूळ बसलीय, तरी नवीन माणसाला सगळे तीच दाखवतात.

जुनाखोडू: यात नवीन काही नाही. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्राचा लाइव्हबोर्ड हा मोठा इलेक्ट्रॉनिक बोर्ड १९९२चा. १९९९मध्ये फ्लॅटलँड नावाचा प्रयोग झाला, तो मला जास्त आवडतो, कारण तो वैयक्तिक ऑफिसांतले बोर्ड बघून बेतला होता. लिखाणाचे गट आपोआप धरायचा, गर्दी झाली की इतर गट आकसून जागा द्यायचे. हल्ली नुसता अमर्याद कॅनव्हास देतात, त्यात हरवायला होतं.

टोपण_लावा: लॉगिन न करता लिहिता येतं का ते बघा. मार्कर उचलला की लिहायला लागतो आपण. इथे आधी पासवर्ड, मग अपडेट, तोवर मुद्दा विसरलेला. दुकानात पेनाने भराभर तिरक्या रेघा मारा, रेघ मागे रेंगाळली तर नको. आणि लिखाण साध्या पीडीएफमध्ये बाहेर निघायला हवं. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल बोर्ड २०२४ संपता संपता बंद झालाच.

कोरीपाटी: मग जुन्या बोर्डावर कॅमेरा रोखला तर?

डस्टर_कुठाय: दिसेल, पण घरून काम करणाऱ्यांना लिहिता येणार नाही. ते निमूट बघत बसतात. डिस्प्ले घ्यायला माझ्या मते एवढं एकच सबळ कारण. तेव्हा तो मीटिंग रूममध्ये लावा, भिंतीवरचा बोर्ड काढू नका.

कोरीपाटी: पटलं. फोटो उद्यापासून सुरू, इथेच टाकतो.

टोपण_लावा: टाकण्याआधी बोर्डावरचा वायफायचा पासवर्ड झाका.