कूलर लावायच्या आधी अर्थिंग बघा
भाऊ, जुन्या घरातले दोन पिनचे सॉकेट काढून तीन पिनचे बसवायचं म्हणताय ते बरोबर, पण लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये बहुतेक दोनच वायरी असतात. मग वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगच्या भोकाला, काहीच जोडलेलं नसतं. काही मिस्त्री तिथे न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचाच, तुकडा लावून देतात. हे अजिबात करू देऊ नका! सॉकेटच्या मागे कुठे न्यूट्रल तुटला की कूलरच्या पत्र्यात थेट करंट उतरतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओल्या हातांनी कूलर भरायला घरातली पोरंच पुढे असतात. आधी अंगणात अर्थिंगचा खड्डा करून हिरवी वायर बोर्डापर्यंत आणा, मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी टाकत जा.