मदत हवी आहे: रॅकून ढोलीतून डोकावतो, पण खाली उतरत नाही

ठिकाण ओहायो, ओढ्याकाठचं जंगल, जानेवारीअखेर, म्हणजे रॅकूनच्या माजाचा काळ. शिकारीसाठी दिवसाउजेडी कॉल, म्हणजे रॅकूनला बाहेर बोलावणारे आवाज, लावतो. परवाना आहे, जमीनमालकाची लेखी परवानगी आहे आणि कॉलरबद्दलचे (हे आवाज वाजवणारं यंत्र) राज्याचे नियम तपासले आहेत. कुत्रे नाहीत, आणायचेही नाहीत.

झाडं नक्की वापरातली आहेत: पोकळ सायकॅमोर, सालीवर नख्यांचे ताजे ओरखडे, ढोलीच्या कडेला अडकलेले केस. इलेक्ट्रॉनिक कॉलर बुंध्याशी ठेवतो आणि स्वतः २० यार्डांवर, ढोलीचं तोंड दिसेल असा, दुसऱ्या झाडाला पाठ टेकून बसतो. दोन नरांच्या भांडणाचा आवाज पूर्ण मोठा, १० मिनिटं. थंडी कमी आणि वारा पडलेला असला की रॅकून डोकं बाहेर काढतो, खाली बघतो आणि परत आत. पिल्लाच्या किंकाळीवर तेवढंही नाही. तोंडाने वाजवायचा स्क्वॉलर (रॅकूनच्या भांडणाचा आवाज काढणारी शिट्टी) मधेमधे फुंकून पाहिला, फरक नाही. ढोलीत असताना गोळी झाडायची नाही, जनावर आतच अडकून वाया जातं.

डोकं दिसल्यावर आवाज तसाच चालू ठेवायचा, कमी करायचा की एकदम बंद? आणि कॉलर बुंध्यापासून लांब नेला तर तो उतरण्याची शक्यता वाढते का?