कवितेतले मुलांचे खेळ, वर्णद्वेष आणि गरिबी

अर्धविराम (प्रश्न)

गेले काही महिने मी विसाव्या शतकातल्या आफ्रिकन-अमेरिकन कविता वाचत आहे आणि त्यांत मुलांचे खेळ वारंवार भेटतात: गोल फिरणारे लाकडी घोडे, दोरीवरच्या उड्या, टाळ्यांची गाणी, एकमेकांना वेडावणे. वर्णद्वेष आणि गरिबी यांच्याविषयी लिहिताना कवी खेळाकडे का वळत असावेत? ‘निष्पाप बालमनावरचा आघात’ हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण तेवढ्यासाठी खेळाची गरज नाही. रडणारे मूल दाखवूनही भागले असते. खेळामुळे कवितेला नेमके काय मिळते, हे शक्यतो एखादी कविता समोर ठेवून कोणी सांगावे.

काठावरचा

लँग्स्टन ह्यूज यांची ‘मेरी-गो-राउंड’ ही १९४२ मध्ये संग्रहात आलेली छोटी कविता घेऊ. अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेले एक काळे मूल जत्रेत लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्यापाशी उभे आहे आणि पाळणेवाल्याला विचारते आहे की, काळ्यांची जागा कुठली, कारण मला बसायचे आहे. आमच्याकडे गोरे आणि काळे शेजारी बसत नाहीत, आगगाडीत आमचा डबा वेगळा असतो, बसमध्ये आम्हांला मागे बसवतात, असे ते समजावून सांगते. आणि मग त्याच्या लक्षात येते की या पाळण्याला मागची बाजूच नाही. तर मग काळ्या मुलाचा घोडा कोणता?

या मुलाला बंड करायचे नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. खेळायला निघालेले कोणतेही मूल आधी नियम विचारून घेते, तसेच हेही विचारते आहे. नियम पाळायची त्याची पूर्ण तयारी आहे. पंचाईत होते ती नियमाची. रांगेला पुढचे आणि मागचे टोक असते, वर्तुळाला नसते, आणि गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणारा, मोठ्यांनी वर्षानुवर्षे चालवलेला कायदा लाकडी घोड्यांच्या एका फेरीपुढे निरुत्तर होतो. रडणारे मूल दाखवून हे साधले नसते, कारण रडण्यातून दुःख कळते, पण नियमातला मूर्खपणा दिसत नाही. पाळणेवाला काय म्हणाला, हे ह्यूज सांगत नाहीत; कविता प्रश्नावरच थांबते.

ही कल्पना हवेतली नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, दूरचित्रवाणीवर जाहिरात झालेल्या मनोरंजन उद्यानात काळ्या मुलांना प्रवेश नाही, हे आपल्या सहा वर्षांच्या मुलीला सांगताना जीभ कशी अडखळते, ते लिहिले आहे. बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक उद्यान काळ्यांना खुले झाले ते २८ ऑगस्ट १९६३ रोजी, नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या प्रसिद्ध मोर्चाच्याच दिवशी. त्या दिवशी तिथल्या गोल पाळण्यावर बसवलेली काळी मुलगी ११ महिन्यांची होती. म्हणजे कवितेतल्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळायला आणखी २१ वर्षे लागली.

जाता जाता एक गोष्ट. कवितेत ‘काळ्यांची जागा’ यासाठी ‘जिम क्रो’ हा शब्द आहे; दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना याच नावाने ओळखत. हे नाव आले ते १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून जे गाणे म्हणत असे त्यातून, आणि त्याचे धृपद गोल गिरकी घेऊन उडी मारण्याचेच आहे. ह्यूज यांच्या मनात हे होते की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण गिरकीतून निघालेले नाव पुन्हा गिरकीपाशी येऊन अडते, हे वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

पानगळ

वरील वाचन मला पटले, मात्र त्यात खेळ हा फक्त विषय म्हणून आला आहे. खेळ कवितेच्या लयीतही असतो. काउंटी कलन यांची १९२५ ची ‘इन्सिडेंट’ ही बारा ओळींची कविता मुलांनी तालावर म्हणावी अशा सोप्या, यमकबद्ध चालीत आहे. आठ वर्षांचा मुलगा बाल्टिमोरमध्ये फिरताना आपल्याच एवढ्या एका मुलाकडे पाहून हसतो. तो मुलगा जीभ काढून दाखवतो आणि काळ्यांसाठीची शिवी देतो. जीभ दाखवणे हासुद्धा मुलांचा खेळच आहे, आणि त्याला उत्तर आपलीही जीभ दाखवून देता येते. शिवी मात्र मोठ्यांच्या जगातून उसनी आणलेली आहे. तिला परत करण्याजोगे काही या मुलाकडे नाही. मे ते डिसेंबर सगळे शहर पाहूनही लक्षात राहिले ते एवढेच, असे तो शेवटी सांगतो, आणि चाल तशीच सोपी राहते. चाल बिघडली असती तर कविता सुसह्य झाली असती.

गरिबीबद्दल बोलायचे तर ग्वेन्डोलिन ब्रुक्स यांच्याकडे जावे लागेल. १९४५ च्या संग्रहातल्या त्यांच्या एका कवितेत पुढच्या अंगणात वाढलेली मुलगी गुलाबांना कंटाळली आहे आणि तिला गल्लीत, धर्मादायावर जगणाऱ्या मुलांमध्ये जाऊन खेळायचे आहे. आई नाक मुरडते. इथे गरिबी पुढच्या अंगणातून दिसते, आणि दिसते ती हेवा वाटण्याजोगी. ही नजर भाबडी आहे हे कवयित्रीला ठाऊक आहे, तरीही त्या मुलीला ती कुठेच दटावत नाही. एकाच वर्णाच्या माणसांमधली ही कुंपणे दाखवायला मला तरी अंगणाहून चांगली जागा सुचत नाही.

उंबरठा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. आपण सगळेच खेळाला कशाचे तरी साधन मानून चाललो आहोत. निकी जोव्हानी यांच्या १९६८ च्या ‘निकी-रोझा’ या कवितेतला मुख्य राग याच सवयीवर आहे: पुढे कोणी चरित्र लिहील तेव्हा बालपणातला अभाव मोजील आणि त्या सगळ्या काळात आम्ही सुखी होतो हे त्याला कळणारच नाही, असे ती म्हणते. काळ्या मुलींच्या टाळ्यांच्या आणि दोन दोऱ्यांच्या खेळांवर संगीताच्या अभ्यासक कायरा गाँट यांनी २००६ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. त्या खेळांतून मुली ताल, पडसाद आणि अंगाची लय शिकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन दोऱ्या उलट दिशांनी फिरत असताना नेमक्या क्षणी आत शिरणे हे कसब आहे. अशा कवितेत दोरी दिसली की लगेच गरिबी शोधायची, हे वाचन मला आळशी वाटते.

अर्धविराम

आपला आक्षेप मान्य आहे. माझ्या प्रश्नातच तो आळस होता. नियम स्वतःच हरतो, हा मुद्दाही मला नवा होता. आता एक अडचण सांगतो. ब्रुक्स यांची १९५९ ची ‘पूल’ (टेबलावर काठीने चेंडू ढकलण्याचा खेळ) खेळणाऱ्या सात पोरांची आठ ओळींची कविता मी मराठीत आणू पाहत आहे. मुळात सगळे शब्द एकाक्षरी आहेत आणि ‘आम्ही’ हा शब्द ओळीच्या टोकाशी एकटा लोंबत राहतो. तो हळू आवाजात म्हणावा, असे त्या स्वतः सांगत. मराठीत ‘शाळा सोडली आम्ही’ असे लिहिले की ‘आम्ही’ टोकाला जातो खरा, पण वाक्य तिथेच पूर्ण होते आणि लोंबणे संपते. पुढच्या वाक्याचा ‘आम्ही’ आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवला तर वाचणारा अडखळतो. कदाचित तसे अडखळणेच योग्य असेल. कोणी करून पाहिले आहे का?

पानगळ

मी पाहिले आहे. शेवटच्या ओळीत ‘आम्ही’ मूळ कवितेत उरतच नाही, हे विसरू नका. तिथे मराठीतही तो घालू नये.