फ्रान्सिस मेरियनवर कोणतं पुस्तक घेऊ? (बजेट 700 रु.)

अबोली: एकांकिका लिहिते, आता पटकथेकडे वळायचंय. 'द बिग हाउस' या तुरुंगपटासाठी लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ही पहिली बाई, एवढं वाचलं आणि ओढ लागली. ती लिहायची कशी, हे सांगणारं एकच पुस्तक सुचवा. 700 च्या वर जमणार नाही.

झुंबर: डोळे मिटून 'विदाउट लाइंग डाउन' घ्या. तिचं 1997 चं चरित्र आहे. मी 2200 ला नवंकोरं घेतलं, एक रुपयाही वाया गेला नाही. 1915 साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओला आग लागून तिच्या 'द फाउंडलिंग' सिनेमाची निगेटिव्ह जळाली, तरी बाई लिहीत राहिली.

पाटीपेन्सिल: तिच्या आठवणींचं पुस्तक जुनं मागवू नका. माझी प्रत भिजलेली आली, मधली पानं चिकटलेली. विक्रेता फोन उचलत नाही.

रानवारा: त्यापेक्षा तिच्याच काळातली पटकथाकार अनिता लूस वाचा. तिने लिहिलेला 'द न्यूयॉर्क हॅट' 1912 चा, 25 डॉलर मिळाले होते तिला. मेरियनला मूकपटांची नटी मेरी पिकफर्डच्या मैत्रीमुळे कामं मिळाली.

झुंबर: 'द बिग हाउस'मध्ये कुठे होती पिकफर्ड? त्यासाठी मेरियन सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन आली. पुढे 'द चँप'च्या कथेला दुसरं ऑस्कर. मैत्रीवर दोन-दोन मिळत नाहीत.

मोरपीस: अबोलीताई, आधी मेरियनने लिहिलेला 'द पुअर लिटल रिच गर्ल' (1917) बघा, फुकट आहे. 24 वर्षांची पिकफर्ड 11 वर्षांची पोर झालीय. ती लहान दिसावी म्हणून खुर्च्या-टेबलं मुद्दाम मोठी केलेली. त्यातला चिखलफेकीचा प्रसंग चुकवू नका. स्टुडिओच्या साहेबांना सिनेमा पडेल असं वाटलं होतं, लोकांनी डोक्यावर घेतला.

रानवारा: मूकपटात लेखकाला काम ते काय? पडद्यावरच्या चार पाट्या लिहायच्या.

मोरपीस: बोलता येत नाही म्हणून तर सगळं पात्राच्या करण्यातून दाखवावं लागतं. एकांकिकावाल्यांनी हेच शिकावं.

दुपारउन्ह: +1. 'विदाउट लाइंग डाउन'च घ्या.

पाटीपेन्सिल: 700 त बसत नाही हो ते!

अबोली: मोरपीस, काल रात्री बघितला. चिखलाचा प्रसंग तीनदा. सगळ्यांचे आभार, पण मी तिचंच 'हाउ टू राइट अँड सेल फिल्म स्टोरीज' मागवलं. 1937 चं आहे. जुनी प्रत, 1150 पडले, 700 चं बजेट मोडलं. तिचं आयुष्य नंतर वाचेन, आधी तिने इतरांना काय शिकवलं ते हवंय.

झुंबर: अजूनही सांगते, ऑर्डर रद्द होत असेल तर बघा.