स्मार्टफोन आणि आपली बुद्धी : अनुभव धागा

स्मार्टफोनमुळे माणसाची बुद्धी मंद होत चालली आहे, असे आता घरोघरी ऐकू येते. पुरावे पाहू गेल्यास चित्र इतके सरळ नाही. नॉर्वेतील सक्तीच्या लष्करी भरतीच्या चाचण्यांवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुद्ध्यांकाची घसरण दिसली खरी, परंतु ती १९७५ च्या सुमारास जन्मलेल्यांपासून सुरू झाली होती आणि ही मुले चाचणीला बसली तेव्हा स्मार्टफोन बाजारात आलेलाच नव्हता. बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेले प्रयोग मला अधिक विचार करण्याजोगे वाटतात. माहिती संगणकात जतन होणार आहे हे ठाऊक असले की माणसे ती कमी लक्षात ठेवतात. ती कुठे ठेवली आहे, हे मात्र नीट लक्षात ठेवतात, असे त्यांना आढळले. फोन नुसता समोर टेबलावर असला तरी एकाग्रता कमी होते, हा अमेरिकेतील २०१७ चा निष्कर्ष बराच गाजला, पण पुढच्या प्रयोगांत तो दर वेळी टिकला नाही.

माझे मत असे की, प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा जो वेळ पूर्वी डोके चालवण्यात जात असे, तोच फोनने संपवला आहे. हे मत आपापल्या अनुभवावर तपासून पाहावे, अशी सर्वांना विनंती आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ एवढ्यावर न थांबता, आपल्या कामात नेमके काय बदलले ते कृपया सविस्तर लिहावे.

प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने फोन मुलांच्या हातात आला. शाळा उघडल्या तरी तो परत गेला नाही. मुलांना पाढे येत नाहीत, ही पालकांची नेहमीची तक्रार असते. माझ्या आजीला पावकी, निमकी आणि औटकी (पाव, अर्धा आणि साडेतीन यांचे पाढे) तोंडपाठ होती आणि साडेतीन रुपयांच्या आठ वस्तूंचे अठ्ठावीस रुपये ती बोलता बोलता सांगत असे. तरीही पाठांतर गेले याचे मला फारसे दुःख नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चौथीतल्या एका मुलाने सत्तेचाळीस गुणिले सहा हे गणित घरी फोनवर केले. त्याच्याकडून एक शून्य जास्त दाबले गेले आणि त्याने वहीत २८२० हे उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून आणले. पन्नास सक्के तीनशे, म्हणजे उत्तर तीनशेच्या आतच हवे, ही शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. उत्तर चुकणे हे शिकण्याचाच भाग आहे; परंतु आपले उत्तर अशक्य आहे हे न जाणवणे, ही माझ्या दृष्टीने बुद्धीची खरी हानी आहे. म्हणून आता माझ्या वर्गात प्रत्येक गणिताआधी समासात अंदाज लिहावा लागतो. अंदाज लिहिल्यानंतर कॅल्क्युलेटर वापरला तरी माझी हरकत नसते, कारण तेव्हा उत्तर ताडून पाहण्यासाठी मुलाकडे स्वतःचे काहीतरी असते.

निवृत्त टॅक्सीचालक, मुंबई

मी काळी-पिवळी चालवली, आता मुलगा गाडी चालवतो. पत्ता शोधण्यात तो माझ्यापेक्षा वेगवान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र परळहून दादरकडे जाताना समुद्र कोणत्या हाताला आहे, असे विचारले तर त्याला क्षणभर थांबावे लागते. पावसाचा जोर आणि भरतीची वेळ जुळून आली की दादरजवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरणार, हे आम्ही आभाळाकडे पाहून ओळखत असू आणि गाडी आधीच वळवत असू. फोनही रस्ता बदलून देतो, पण बहुधा पुढच्या गाड्या अडकल्यानंतर. मुलाला वळणे कळतात, शहर कळत नाही.

धागाकर्ता (सुरुवातीची नोंद लिहिणारा)

वरील अनुभवाला जोडून एक माहिती देतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांच्या २००० मधील अभ्यासात या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा (स्मरण आणि दिशाज्ञान यांच्याशी निगडित भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता. रस्ते लक्षात ठेवण्याच्या सरावाने मेंदूची घडण बदलू शकते, असे त्यातून दिसते. सराव थांबला तर काय होते, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

बँक अधिकारी, पुणे (दृष्टिहीन)

इथे सगळे हानीविषयी लिहीत आहेत, म्हणून माझी बाजू आग्रहाने मांडतो. पूर्वी घरी आलेले पत्र, औषधाच्या वेष्टनावरची तारीख किंवा साधी लग्नपत्रिका वाचण्यासाठी मला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागत असे. आता कॅमेरा कागदावर धरला की छापील मराठी मजकूर फोन मला वाचून दाखवतो. माझ्या बुद्धीला जे खाद्य मिळत नव्हते ते या यंत्राने दिले, आणि उत्तर मिळेपर्यंतचा वेळ वाचणे हे माझ्यासाठी स्वातंत्र्य आहे. तरी एक निरीक्षण नोंदवतो. मी ब्रेल शिकलो, त्यामुळे प्रत्येक अक्षर बोटांखालून गेले आहे. केवळ ऐकून शिकणाऱ्या आजच्या दृष्टिहीन मुलांना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक ठाऊक नसतो, कारण फोन दोन्ही सारखेच वाचतो. फोन असला तरी ब्रेल शिकवलेच पाहिजे, असे मी पालकांना कळकळीने सांगतो.

गायन शिक्षक, मिरज

पूर्वी शिष्य बंदिश ऐकून घरी जाई आणि आठवडाभर ती आठवण्यासाठी धडपडत असे. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेवरून उठतो की बाराव्या, हे आठवेना झाले की तो टाळी देत दोन्ही तऱ्हेने म्हणून पाही, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे नीट पडते ते तपासून पाही आणि त्या खटाटोपात त्याला तालाचे अंग कळून जाई. आता शिकवणी सुरू होताच फोन ध्वनिमुद्रणाला लावला जातो. पुढच्या आठवड्यात बंदिश हुबेहूब येते, माझ्या आवाजातली कंपनेसुद्धा उचललेली असतात. परंतु ‘हीच ओळ जरा वेगळ्या अंगाने मांड’ असे म्हटले की विद्यार्थी गप्प होतो. जुन्या गायकांची ध्वनिमुद्रणे आज खेड्यातल्या मुलालाही ऐकता येतात, हे केवढे भाग्य आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. म्हणून मी फक्त क्रम बदलला आहे. विद्यार्थ्याने घरी जाऊन बंदिश आठवेल तशी स्वरलिपीत लिहून मला पाठवायची, त्यानंतरच मी त्याला ध्वनिमुद्रण देतो. पहिले काही आठवडे पालक नाराज असतात.

शेतकरी आणि पालक, सांगली जिल्हा

आमच्याच जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. आम्ही तोच नियम घरापुरता लावला. सुरुवातीला मुले चिडचिड करीत. एका संकष्टीला आजी चंद्रोदयासाठी खोळंबली असताना मुलीने विचारले की, काल चंद्र लवकर दिसला होता, मग आज उशीर का? फोन बंद होता आणि आम्हा कोणालाच नीट सांगता येईना. तेव्हा पुढच्या पौर्णिमेनंतर रोज चंद्र दिसला की कॅलेंडरवर वेळ लिहायची, असे तिने स्वतःच ठरवले. डोंगराच्या आडोशामुळे वेळा थोड्या पुढेमागे झाल्या, तरी रोज साधारण पाऊण तास ते तास उशीर होतो, हे तिने शोधून काढले. नंतर फोनवर पाहिले तेव्हा सरासरी सुमारे ५० मिनिटे असा आकडा मिळाला. हा उशीर रोज सारखाच का नसतो, असे तिने त्यावर विचारले असून सध्या आमच्या घरी त्याचीच चर्चा चालू आहे.