पर्लचं कोड वाचताना कधी डोकं धरलंय? अनुभव सांगा

खडूफळा: मंडळी, लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा आणली ती मुख्यतः मजकूर चाळून रिपोर्ट काढायला, आणि त्या कामात ती आजही तरबेज आहे. माझी तक्रार वाचण्याबद्दल. बिलिंगच्या एका स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीतून ग्राहक क्रमांक उपसायचा होता. डावीकडच्या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) कंस असेल तर पॅटर्नने, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्याने, पकडलेला क्रमांक मिळतो. कंस नसेल तर नुसतं 'जुळलं' सांगणारा १. कुणीतरी तो कंस फालतू समजून काढला आणि सगळे ग्राहक क्रमांक १ झाले! एरर नाही, वॉर्निंग नाही. तुमचेही किस्से येऊ द्या.

घाटमाथा: +१. मला चिन्हांचा वैताग. अख्ख्या अ‍ॅरेला, म्हणजे यादीला, @, पण त्यातला एकच घटक हवा तर तिथे $. नवीन मुलं हमखास अडखळतात. त्याहून वाईट म्हणजे फंक्शन. आमच्या जुन्या कोडमध्ये कुठल्याच फंक्शनच्या डोक्यावर पॅरामीटरची (त्याला द्यायच्या किमतींची) नावं नाहीत, सगळं @_ नावाच्या यादीतून येतं. काय द्यायचं ते कळायला आत शिरून shift (यादीतली पुढची किंमत काढणारी आज्ञा) मोजत बसा. नावं लिहायची सोय अधिकृतपणे पक्की झाली ती पर्लच्या ५.३६ आवृत्तीत, २०२२ साली. इतक्या उशिरा कोण जुनं कोड बदलणार?

पेशीवाला: थोडा विरोध करतो. मी जीवशास्त्राचा माणूस, प्रोग्रॅमर नव्हे. डीएनएच्या क्रमांच्या भल्यामोठ्या फायली पर्लने चार ओळींत फोडल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. मानवी जनुकसंच प्रकल्पातल्या प्रयोगशाळांनीही ती भरपूर वापरली. लोक स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज या चुका दाखवणाऱ्या सोयी लावत नाहीत, मग भाषेला नावं ठेवतात.

खडूफळा: पेशीवालाजी, दोन्ही लावलेलं होतं हो. तरी कंस गेल्याची चूक पकडली जात नाही, कारण कंसाशिवायही ते शुद्ध पर्लच आहे. टाकाऊ कोड कुठेही लिहिता येतं, मान्य. पण इथे नीटनेटकी ओळसुद्धा संदर्भ कळल्याशिवाय वाचता येत नाही.

दूरदेशी: अहो, हा चिन्हांचा घोळ पर्लवाल्यांनाही कळला होता. २००० मध्ये पर्ल ६ जाहीर झाली, तिच्यात घटक काढतानाही @ तसाच राहतो. पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला आणि २०१९ मध्ये नाव बदलून राकू झालं. तोवर आमची अख्खी टीम पायथनवर गेली होती.

रात्रपाळी: आमच्याकडे पर्ल अजून चालू आहे, चालूच राहणार. दोन नियम केलेत: लांब ब्लॉकमध्ये $_ (नाव न दिल्यास पर्ल आपोआप वापरते ते व्हेरिएबल) बंद, आणि मोठ्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे पॅटर्नला, एक्स फ्लॅग सक्तीचा, म्हणजे ती ओळी तोडून, मध्ये कॉमेंट टाकून लिहिता येते. खडूफळाजींच्या त्या कंसावर मात्र उपाय सापडलेला नाही. आम्ही शेजारी कॉमेंट लिहितो: 'हा कंस काढू नये.'