पतसंस्थेचा कोड बाहेर ठेवायचा नाही, मग घरातल्या डिस्कवरचा गिट रेपो रिमोट म्हणून चालेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहतो आणि एकटाच काम करतो. एका पतसंस्थेसाठी पिग्मी एजंटांच्या रोजच्या वसुलीचं सॉफ्टवेअर लिहिलंय, गेली तीन वर्षं तेच वाढवतोय. संस्थेची अट एकच: कोड इंटरनेटवर कुठेही ठेवायचा नाही. खाजगी रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा, फक्त आपल्याला दिसणारा साठा) म्हणजे काय ते संचालकांना दोनदा समजावून पाहिलं. दोन्ही वेळा चहा मिळाला, परवानगी नाही.

गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरतो, पण सगळा इतिहास एकाच लॅपटॉपवर. त्यावर मागच्या महिन्यात ताक सांडलं आणि आठ दिवस माझा जीव टांगणीला. म्हणून १ टीबीची यूएसबी डिस्क आणली, अख्खं फोल्डर तिच्यावर कॉपी केलं, तेच रिमोट म्हणून (बदल पाठवायचा दुसरा पत्ता) जोडलं आणि पुश केलं, म्हणजे बदल तिकडे पाठवले. उत्तर आलं, 'रिफ्युजिंग टू अपडेट चेक्ड आउट ब्रँच', म्हणजे तिथे उघडी असलेली ब्रँच (कोडची शाखा) बदलायला नकार. कुठेतरी वाचून 'रिसीव्ह.डिनायकरंटब्रँच' या सेटिंगला 'इग्नोर' दिलं. पुश झालं, पण डिस्कवरच्या फायली जुन्याच! त्यात मावसभावाने डिस्कवरचंच फोल्डर उघडून 'कमिट -ए' (बदल इतिहासात नोंदवायची कमांड) मारलं आणि माझी व्याजाच्या हिशेबातली दुरुस्ती उलटी फिरली.

मुळात असं फोल्डर रिमोट म्हणून वापरायचं असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

खटपट्या

वापरायचं असतं की. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं तेव्हा गिटहब (कोड ठेवायची वेबसाइट) नव्हतंच, ते २००८ चं. गिटच्या लेखी रिमोट म्हणजे फक्त दुसरा एक रेपो. तो सातासमुद्रापार असो नाहीतर शेजारच्या ड्राइव्हवर.

तुमचं चुकलं ते कॉपी करण्यात. साध्या रेपोत दोन गोष्टी असतात: इतिहास आणि त्यातून उघडून ठेवलेल्या फायली. पुश इतिहास पुढे नेतं, उघड्या फायलींना हात लावत नाही. म्हणजे खतावणीत नवी नोंद पडली, पण टेबलावर जुनीच पावती. आता तिथे बसून कुणी कमिट केलं तर गिटला वाटतं, यानेच मुद्दाम जुनं परत आणलं. तुमच्या भावाचा दोष नाही. हे होऊ नये म्हणून तर गिट १.७.० पासून असं पुश नाकारतं. तो नकार तुम्ही इग्नोर करून गप्प केलात.

उपाय म्हणजे बेअर रेपो. त्यात फक्त इतिहास असतो, उघड्या फायली नसतातच. डिस्कवर 'गिट इनिट --बेअर पिग्मी.गिट'. मग लॅपटॉपवरून 'गिट रिमोट ॲड डिस्क ई:/पिग्मी.गिट' आणि 'गिट पुश डिस्क --ऑल'. टॅग (इतिहासातल्या ठरावीक जागी लावलेल्या खुणा) असतील तर 'गिट पुश डिस्क --टॅग्ज' वेगळं, ते लोक हमखास विसरतात. भावाला सांगा, डिस्कवर काम करायचं नाही. आपल्या मशीनवर क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) करायचं आणि पुश करायचं.

रविवारचा_कोडर

कशाला एवढा द्राविडी प्राणायाम? खाजगी रेपो आता फुकट मिळतो. संचालक मंडळाला एक पान लिहून द्या.

खटपट्या

@रविवारचा_कोडर, अट मंडळाने घातली आहे आणि पैसे मंडळ देतंय. पतसंस्थेच्या मीटिंगला कधी बसलायत का?

मावळतीचा_वारा

खटपट्यांना +१, पण एक भर घालते. बरेच जण डिस्क न घेता 'डी ड्राइव्हवर ठेवलाय' म्हणतात. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

त्याहून फसवं म्हणजे एकाच ड्राइव्हवर 'गिट क्लोन --बेअर' करणं. साधा पत्ता दिला तर गिट ऑब्जेक्टच्या (इतिहास साठवलेल्या) फायली कॉपीच करत नाही, हार्ड लिंक करतं, म्हणजे त्याच फाइलीला दुसरं नाव देतं. क्लोन क्षणात होतो, जागाही लागत नाही, आणि माणूस खूश. पण डिस्कवर बाइट एकदाच लिहिलेले असतात. ते खराब झाले तर मूळ आणि 'बॅकअप' दोन्ही खराब. खरी प्रत हवी असेल तर '--नो-हार्डलिंक्स' द्या किंवा पत्त्याआधी 'फाइल://' लावा. दुसऱ्या डिस्कवर हा प्रश्न येत नाही, तिथे हार्ड लिंक होऊच शकत नाही.

चिंचेचं_बोटूक

मी केलेला गाढवपणा सांगतो, तुम्ही करू नका. बेअर रेपो एका आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरात ठेवला होता. ऑफिसचं मशीन आणि घरचं, दोन्हीकडे तेच फोल्डर. दोन महिने मस्त चाललं. मग एके दिवशी ऑफिसातून पुश केलं, सिंक पूर्ण व्हायच्या आत लॅपटॉप मिटला आणि घरी येऊन दुसरं काही पुश केलं. सकाळी 'रेफ्स/हेड्स'मध्ये (ब्रँचच्या नोंदींचं फोल्डर) 'मेन' शेजारी 'मेन कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची फाइल! काही ऑब्जेक्ट पोचलेच नव्हते. रेपो तपासणाऱ्या 'गिट एफएससीके'ने 'मिसिंग ब्लॉब'ची (हरवलेल्या मजकुराची) यादीच वाचून दाखवली. सिंकवाल्याला वाटतं, या सुट्या सुट्या फायली आहेत. गिटसाठी त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

त्यापेक्षा बंडल बरं. 'गिट बंडल क्रिएट पिग्मी.बंडल --ऑल' म्हटलं की सगळा इतिहास एकाच फाइलीत. पेनड्राइव्हवर टाकून भावाला द्या, तो त्यातूनच क्लोन करेल.

अवांतर: रेपोत खातेदारांचा डेटा नाही ना?

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. डेटा नाही, फक्त टेबलांचा आराखडा आणि खोट्या नावांचे नमुना खातेदार.

बेअर रेपो केला आणि दोन विघ्नं आली. आधी 'डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप'. माझीच डिस्क, माझंच मशीन, आणि मालकी संशयास्पद? मग क्लोन करून पाहिलं तर 'रिमोट हेड रेफर्स टू नॉनएक्झिस्टंट रेफ'. फोल्डर तयार झालं, पण रिकामं. छातीत धस्स झालं.

मावळतीचा_वारा

घाबरू नका, दोन्ही किरकोळ आहेत. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात फाइल कुणाची याची नोंदच राहत नाही, आणि २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार देतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी ई:/पिग्मी.गिट' द्या, काम होईल. तिथे पत्त्याऐवजी नुसती चांदणी (*) टाकून सगळ्यालाच मोकळीक देण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका.

दुसऱ्याचं कारण: तुमची ब्रँच 'मेन' आहे, पण नवा बेअर रेपो 'मास्टर'कडे बोट दाखवतोय आणि ती तिथे नाहीच. कोड सुखरूप आहे, क्लोनला काय उघडायचं तेवढं कळेना. डिस्कवरच्या पिग्मी.गिटमध्ये जाऊन 'गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन'.

खटपट्या

आणि एकाच डिस्कवर थांबू नका. दुसरी घ्या, वेगळ्या नावाने रिमोट जोडा आणि ती संस्थेच्याच तिजोरीत ठेवा. कोड त्यांच्याच कुलपात म्हटल्यावर संचालकही खूश. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला पासवर्डचं कुलूप) मात्र लावा. विंडोज होम असेल तर त्यातून डिस्क लॉक करता येत नाही, प्रो लागतं.

'पुश --मिरर' जपून वापरा. तुमच्याकडे नसलेली ब्रँच ते तिकडूनही उडवतं. भावाची एखादी ब्रँच त्यात जायची.

रविवारचा_कोडर

तिजोरीची आयडिया भारी. माघार घेतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कृष्णाकाठ

दोन्ही सुटलं. आज दुपारी भावाच्या मशीनवर डिस्क लावली, तिथेही सेफ.डिरेक्टरी द्यावी लागली, मग क्लोन केलं. तीन वर्षांचा लॉग जसाच्या तसा, माझ्या पहिल्या कमिटच्या संदेशातल्या 'व्यज' या चुकीसकट. व्याजाची दुरुस्तीही परत घातली आणि त्याच्याच मशीनवरून पुश केली.

दुसऱ्या डिस्कच्या रिमोटचं नाव देवनागरीत 'तिजोरी' ठेवून पाहिलं, गिटने निमूट घेतलं. सोमवारी ती घेऊन संस्थेत जातोय. चेअरमन साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, 'पावती देणार का डिस्कची?'